पहिल्या ट्रॅकचा मान
सिरक्याची बाटली उघडली की मला लोणचं नाही, बाबांच्या भजनांची टेप आठवते, कारण जुनी टेप बिघडली की तिलाही असाच आंबूस वास येतो. उत्तरेत, नदीवरच्या बालाजी घाटाजवळच्या आमच्या घरी ती भरली होती; बाबा, मी, पेटी आणि तबला, प्रत्येकाचा माइक वेगळा आणि टेपवरचा ट्रॅकही वेगळा. "पहिला मान बाबांचा," असं आईनं ठरवलं आणि पहिला ट्रॅक त्यांना मिळाला. मला दुसरा मिळाला म्हणून मी, अठरा वर्षांची थोर गायिका, दिवसभर फुगून बसले. बाबा गेल्यावर बऱ्याच वर्षांनी लेकीबरोबर ती टेप कॉम्प्युटरवर उतरवायला नेली. मशीनवाल्यानं पहिला ट्रॅक लावला, तर नुसती खरखर. "माताजी, पहला ट्रैक एकदम किनारे पर होता है. किनारा मुड़ गया है, कुछ बचा नहीं." "अरे भैया, जरा दबाके देखो ना!" "दबाया, माताजी." मग दुसरा लागला आणि माझं किंचाळणं खणखणीत बाहेर आलं. लेक म्हणाली, "आई, तुला तर काहीच झालेलं नाही गं!" तेवढ्यात टेपमध्ये मी श्वास घेतला आणि मागून, अगदी लांबून, बाबा ऐकू आले. एकाच खोलीत गात होतो, त्यांचा आवाज माझ्या माइकमध्ये शिरला होता. "इतना ही अलग निकाल दो," मी म्हटलं. त्यानं नकारार्थी मान हलवली. आता त्या दुसऱ्या ट्रॅकची फाइल माझ्या मोबाइलवर आहे. टेपमधली मी श्वास घेते तेवढ्यापुरतेच बाबा ऐकू येतात, आणि त्या अठरा वर्षांच्या कार्टीला श्वास न घेता आपला दम दाखवायची भारी हौस होती.