खिचडीचं सरकारी निमंत्रण

आता काय सांगू तुम्हाला! नाश्त्याला बोलावून पाहुण्यांना रडवणारा यजमान कधी बघितलाय? नसेल, तर माझ्याकडे नीट बघून घ्या.

इथे जपानात, तोयोसूच्या ऑफिसात माझ्या टीममध्ये दोन इंडोनेशियन पोरं आली, रिझ्की आणि देवी. एरवी आम्ही इंग्रजीत बोलतो. पण म्हटलं, रविवारच्या साबुदाण्याच्या खिचडीचं आमंत्रण त्यांच्याच भाषेत देऊ या. ट्रेनमध्ये इंडोनेशियनचं व्याकरण घोकत होतो ना मी!

मेसेज लिहिला. 'आदरणीय' काय, 'आपली उपस्थिती प्रार्थनीय' काय! खिचडीचं सरप्राइज फुटू नये म्हणून शेवटी 'विषय प्रत्यक्ष भेटीत कळवण्यात येईल' असंही टाकलं. काय खूश होतो मी स्वतःवर!

रविवारी निशी-कसाईत आमच्या घराच्या दारात दोघं उभी. काळे सूट! हातात मिठाईचा भलामोठा खोका! आता इतकी वर्षं जपानात काढल्यावर मला कळायला नको, असा खोका घेऊन कोण येतं ते? माफी मागायला आलेला माणूस!

मी आपला म्हणतोय, "अरे, याची काय गरज होती? पण आणलंत ते बरं केलंत."

झालं! रिझ्की कमरेत वाकला. "कुलकर्णी-सान, शुक्रवारी सिस्टिम माझ्यामुळे बंद पडली. देवीची काही चूक नाही. काढायचं तर मला एकट्याला काढा."

देवीच्या डोळ्यांत पाणी. आमची ही खिचडीचं पातेलं घेऊन तशीच उभी.

"कोण काढतंय तुम्हाला? अरे, खायला बोलावलंय!"

देवीने डोळे पुसून माझा मेसेज पुढे धरला. "असं फक्त कामावरून काढताना लिहितात हो! आम्ही अर्धेच शब्द लिहितो, मध्येच इंग्रजी घुसवतो, हसू आलं की नुसतं 'वकवकवक'."

"म्हणजे भाषेची पार वाट लावलीत!"

"वाट कसली? माझी आजी घरात जावानीज बोलायची. इंडोनेशियन लिहायला घाबरायची, चुकेल म्हणून. आमचं बघून लिहायला लागली. आता रोज सकाळी तिचा मेसेज येतो."

खरं सांगतो, फार बरं वाटलं मला. आजीची भीती घालवणाऱ्या भाषेला नावं कशाला ठेवायची? मी तिथल्या तिथे टीमच्या ग्रुपवर 'वकवकवक' टाकलं. रिझ्की इतका हसला, की सुटावर खिचडी सांडली.

आमची कन्या म्हणाली, "पुण्याचे आजोबा पण मला असंच लिहितात. वर स्टिकर पाठवतात!"

"वा! म्हणजे म्हातारी माणसंसुद्धा बदलली म्हणायची," मी कौतुकाने म्हणालो.

"हो ना," ती म्हणाली, "आता फक्त तूच राहिलास, बाबा."