नाव सांगितलेला पाला

मलकपेठेतल्या एकनाथरावांकडे गळवं, फोड, चिघळलेल्या जखमा घेऊन माणसं येत, त्याला चाळीस वर्षं झाली. वीज खात्यातली नोकरी संपली, पण हे काम काही सुटलं नाही. पाला स्वतः तोडून आणायचा, आडोशाला वाटायचा, जखमेवर बांधायचा आणि छदामही घ्यायचा नाही. एक अट मात्र वडिलांपासून चालत आलेली: पाल्याचं नाव कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की गुण जातो. त्यांच्या पत्नी कुसुमताई बिचाऱ्या तीस वर्षं तो हिरवा पाटा धूत राहिल्या आणि नाव न कळताच गेल्या.

मुलगी त्रिवेणी एका औषधशास्त्र कॉलेजची प्रयोगशाळा सांभाळते. दिवाळीत ती हटूनच बसली. "बाबा, गावभरचे पाले तपासतो आम्ही, तुमचाच का नको? एकदा सिद्ध झालं की कुणी हसणार नाही." हसणाऱ्यांत तिचा नवराच पहिला होता. एकनाथरावांनी दोन दिवस कुरकुर केली आणि तिसऱ्या दिवशी दार लावून तिच्या कानात नाव सांगितलं.

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. जंतू वाढवलेल्या काचेच्या बशीत तिने पाल्याच्या अर्कात भिजवलेली कागदाची टिकली ठेवली होती, आणि टिकलीभोवती एकही जंतू फिरकला नव्हता. स्वच्छ गोल कडं उमटलं होतं. एकनाथरावांनी सुलतान बाजारातून पेढे आणून गल्लीभर वाटले. जावयाला दोन जास्त दिले.

पुढच्या आठवड्यात त्रिवेणी घरी आली ती तोंड पाडून. "बाबा, माझी चूक झाली. अर्क अल्कोहोलात काढतात, टिकली पूर्ण वाळवावी लागते. मी घाई केली. तुलनेला नुसत्या अल्कोहोलची टिकली शेजारी ठेवतात, तीही ठेवली नाही. आमच्या विभागाच्या ऋचा मॅडमनी विचारलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. नीट वाळवून तीनदा केलं. कडं येतच नाही. ते अल्कोहोलचंच होतं."

"आणि तू फोनवर म्हणालीस ती दुसरी तपासणी? जांभळ्या रंगाची?"

"त्यात झकास. रंग पार उतरला, म्हणजे पाल्यात अँटिऑक्सिडंट भरपूर."

"मग मी पास का नापास?"

"रंग उतरला म्हणून जखम भरते असं नाही, बाबा. आणि कडं आलं नाही म्हणून पाला फुकट, असंही नाही. दुसऱ्या कशाने भरत असेल, आपोआपही भरत असेल. मला नाही माहीत."

असल्या उत्तरावर माणसाने करावं काय? शेवटी त्यांनी चाचरत विचारलं, "मी नाव सांगितलं, म्हणून तर नाही ना गं?"

"बशीतल्या जंतूंना नाव कुठून कळणार, बाबा?"

पटण्यासारखंच होतं. पण नाव सांगेपर्यंत लोक बरे होत होते, हेही त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. दोन्ही खरं कसं, हा गुंता काही केल्या सुटेना.

रविवारी शेजारच्या पद्मावती लंगडत आल्या. त्यांना शुगर. पायाच्या अंगठ्याला जखम, कडा काळ्या पडलेल्या. "काका, वो हरा दवा बांधो ना. पिछली बार कित्ता अच्छा हुआ."

पाला वाटून तयार होता. एकनाथरावांचा हात सवयीने पाट्याकडे गेला आणि तिथेच थांबला. अंगठा बरा होईल? की आपल्या भरवशावर राहून तो जाईल? आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना आपल्या हाताची भीती वाटली.

त्यांनी उरलेली एक डहाळी पद्मावतींच्या हातात ठेवली आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात नाव सांगून टाकलं. (ते मी इथे लिहीत नाही. उगाच माझ्यावर खापर नको.) "अब इसका गुण गया. दवाखाने चलो, मैं भी आता."

पद्मावतींनी डहाळी उलटसुलट करून पाहिली. "अय्यो, येइच क्या? ये तो हमारे नल के पास कित्ता उगता! मैं रोज उखाड़ के फेंकती."

एकनाथराव चपला शोधू लागले. बायकोलाही न सांगितलेलं नाव आता अख्ख्या गल्लीचं झालं होतं, आणि डोळे भरून आल्यामुळे एक चप्पल काही सापडेना. ऑटोत बसल्यावर ते पद्मावतींना म्हणाले, "फेंको नक्को."