लोकल गार्डियनची सही

लातुरात इंग्रजीच्या बाईला कोण विचारतं? डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेत इंग्रजी नाही, बारावीत पास झालं की पुरे, त्यामुळे माझ्या तासाला पोरं वहीखाली फिजिक्स सोडवतात आणि मी बघून न बघितल्यासारखं करते. पण त्या दिवशी वर्ग ऐकत होता, कारण मी तापले होते. एकाने पेपरात लिहिलं होतं, आई बाळाला उन्हापासून डिफेंड करते. डिफेंड! मी म्हटलं, अरे बाबा, ऊन काय तिच्यावर केस टाकून बसलंय?

मग खडू घेतला. प्रोटेक्ट म्हणजे तुम्ही पोरी तोंडाला स्कार्फ गुंडाळून निघता ना, ते. ऊन लागायच्या आधीची काळजी. गार्ड म्हणजे बँकेच्या दारातला खुर्चीवरचा माणूस. आतल्यांशी त्याचं घेणंदेणं नसलं तरी चालतं, जागं राहिलं की झालं. शील्ड म्हणजे मार दुसऱ्याचा आणि पाठ आपली. सेफगार्ड जरा सरकारी शब्द, हक्कांना वगैरे लागतो. प्रिझर्व्ह म्हणजे कैरीचं लोणचं. डिफेंडला मात्र आधी कुणीतरी अंगावर आलेलं लागतं, आणि बहुतेक वेळा आपल्याला तोंड उघडावं लागतं. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "मॅडम, आन् गार्डियन?" मी म्हटलं, "तो फॉर्मवर असतो." वर्ग हसला. मीही हसले.

तसला फॉर्म मी स्वतःच भरला होता. नांदेडचा माझा थोरला भाऊ, रेल्वेच्या ऑफिसात कारकून, त्याच्या मुलीला आमच्याच क्लासला आणि क्लासच्याच हॉस्टेलला घातलं होतं. हॉस्टेलला लातुरातलाच कुणीतरी लोकल गार्डियन लागतो. बाहेरगावचे आईबाप त्यासाठी कुणाकुणाला गाठतात, काही तर चहावाल्याची सही घेतात. आमच्याकडे मी होते. दादा म्हणाला, "तू हायस म्हणून पाठवून राहिलो बघ. एक वर्ष. न्हाई झालं तर नांदेडातच बी.ए. करंल आन् आम्ही स्थळं बघू." त्याने हे तिच्यासमोरच सांगितलं. ती मान हलवत होती. तिला डॉक्टर व्हायचं होतं, लहानपणापासून, आणि तिला ते जमणारही होतं. हे मी आत्या म्हणून सांगत नाही. तिच्या चाचणीचे मार्क भिंतीवर लागायचे, कुणीही वाचावेत.

हॉस्टेलात मोबाईलला बंदी. सापडला तर हॉस्टेल आणि क्लास दोन्ही बंद, चर्चा नाही. घरी बोलायचं तर रविवारी, ऑफिसातल्या फोनवर, दहा मिनिटं, शेजारी रेक्टरबाई बसलेल्या. दिवाळीनंतर पोर सुकायला लागली. जेवण जाईना, पेपरच्या आदल्या दिवशी उलट्या. रविवारी भेटायला गेले की माझा हात धरून बसायची. मला ते बघवेना. एका रविवारी मी माझा जुना बटणांचा फोन शेंगदाण्याच्या चटणीच्या डब्यात, चटणीखाली पिशवीत बांधून तिला दिला. म्हटलं, "जीव घाबरा झाला की मला लाव. फक्त मला." नियम मला पाठ होता. त्या नियमाखाली माझी सही होती. तरीही दिला, आणि वर मला स्वतःचं कौतुकही वाटलं.

ती लावायची. दुपारच्या सुट्टीत, बाथरूमातून, दोन मिनिटं. "आत्या, झालं आता, जाते." एवढंच. तिचं जेवण सुधारलं. मार्क वाढले.

परीक्षेला चार महिने राहिले होते तेव्हा रेक्टरबाईंनी डबे तपासले. आधी फक्त ट्रंका तपासायच्या. मला तास अर्धा सोडून ऑफिसात बोलावलं. टेबलावर फोन होता, चटणीने माखलेला, खाली वर्तमानपत्राचा तुकडा. क्लासचे मालक, आमचे सर, खुर्चीत. ती भिंतीशी उभी. ओढणीचं टोक मुठीत.

सरांनी विचारलं, "कोणी दिला?"

"सापडला," ती म्हणाली. "बसस्टँडवर."

"यात एकच नंबर आहे. मॅडमचा."

मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. म्हणाली, "हाव सर. आत्याला मी सांगितलं होतं की ऑफिसातल्या दुसऱ्या फोनवरून लावते. तिला काईच माहीत न्हाई."

सतरा वर्षांची पोर. एवढं खोटं तिने कधी जुळवलं असेल? मला वाटतं, फोन घेतला त्याच दिवशी. मला नाही सुचलं, तिला सुचलं होतं.

सर माझ्याकडे वळले. मोठ्या अदबीने विचारलं, "मॅडम, तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

आता बघा. माझी नोकरी दर जूनमध्ये नव्या कागदावर येते. भाड्याचं घर, एकटी बाई, वय पंचेचाळीस, आणि विषय असा की ज्याच्यावाचून कुणाचं अडत नाही. हे सगळं त्या क्षणी माझ्या मनात आलं असं सांगितलं तर बरं दिसेल. आलं नाही. काहीच आलं नाही. सिमकार्ड माझ्याच नावावर होतं, तेसुद्धा नंतर आठवलं. पंखा फिरत होता, तो वर्तमानपत्राचा तुकडा उडायला बघत होता, मी त्याच्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "नाही."

दातखीळ बसली असती तरी चाललं असतं. बसली नाही. शब्द अगदी स्वच्छ आला, वर्गात येतो तसा.

सर म्हणाले, वाईट वाटतं, हुशार मुलगी आहे, पण एकीला सोडलं तर उद्या दोनशे जणींच्या डब्यात फोन निघतील. बरोबरच होतं त्यांचं. त्यांनी काढून टाकल्याचा कागद पुढे केला. खाली दोन रेघा, एक विद्यार्थिनीची आणि एक लोकल गार्डियनची. तिने सही केली. मी केली. पेन त्यांचं होतं, ते त्यांना परत दिलं. मग मी वर्गात जाऊन उरलेला अर्धा तास घेतला. काय शिकवलं ते विचारू नका.

दादा दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने आला. आरडाओरडा करेल वाटलं होतं. त्याने सरांपुढे हात जोडले, मग तिची ट्रंक उचलली. तिला एवढंच म्हणाला, "आत्याला मान खाली घालायला लावलीस बघ." आणि मला, "तुझी काय चूक? तू तर लई केलंस." मी त्याला म्हणाले, दादा, ऐक. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे आता." मी ऱ्हाऊ दिलं. त्याने तसं म्हटलं नसतं तरी मी सांगितलं असतं का, देव जाणे. मला तर शंकाच आहे.

मीही त्यांच्याबरोबर नांदेडला निघाले. वहिनीला समजावायला कुणीतरी बाईमाणूस हवं, असं मीच म्हटलं. बसमध्ये आम्ही दोघी एका सीटवर, दादा पुढे ट्रंकेजवळ. चाकूर गेलं. ती खिडकीतून बघत होती. मी तिच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला, तिने फोडला, एक मला दिलं, एक स्वतः खाल्लं. तिने रडावं, माझ्यावर खेकसावं, काहीतरी करावं, म्हणजे मग मलाही काहीतरी करता येईल असं मला वाटत होतं. आत सगळं बधिर. दात काढताना इंजेक्शन देतात आणि मग गाल आपला राहत नाही, तसं.

अहमदपूरला बस दहा मिनिटं थांबली. दादा चहाला उतरला. स्टँडवर दुपारचं ऊन, पाणी विकणारे खिडक्यांवर थापा मारत होते. ती माझ्याकडे सरकली आणि हळूच म्हणाली, "आत्या."

मला कळलं, आता विचारणार. का नाही बोललीस. मी तयार झाले. खरं म्हणजे मला ते हवंच होतं.

"तुझ्या नोकरीचं काई होणार न्हाई ना?"

मी म्हटलं, "नाही गं."

"पक्कं?"

"पक्कं. सर काही बोलले नाहीत."

"मग ठीक हाय," ती म्हणाली. तिने श्वास सोडला, डोकं माझ्या खांद्यावर टाकलं आणि बस सुरू व्हायच्या आत झोपलीसुद्धा. लोहा येईपर्यंत मी हललेदेखील नाही. तिचं वर्ष गेलं होतं, बी.ए.चा फॉर्म आणि स्थळं पुढे उभी होती, आणि मला, लाज वाटते पण लिहिते, त्या बसमध्ये मला हायसं वाटत होतं.