‘लिहिलं’ म्हणायची घाई

माझा नवरा संशयी आहे. कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघतो, आणि ते मी लावलं असेल तर चारदा. त्याच्या कामाला हा स्वभाव शोभतो म्हणा. नोकरी सांभाळून गेली अकरा वर्षं तो एक सॉफ्टवेअर लिहितोय, त्याला ‘टार्गेट’ म्हणतात. एका मशीनमधल्या डिस्क नेटवर्कवरून दुसऱ्या कॉम्प्युटरना द्यायच्या, आणि त्यांना त्या आपल्याच पोटातल्या वाटल्या पाहिजेत. कोड सगळ्यांना खुला, तोही फुकट. दुरुस्ती कुणीही पाठवावी, पण ती घ्यायची की नाही हे हा ठरवणार. कोडपासून चालता प्रोग्रॅम तयार करणं म्हणजे बिल्ड; दुसऱ्याने केलेल्या बिल्डला तो हातसुद्धा लावत नाही. स्वतःच्या मशीनवर दोनदा बिल्ड करतो आणि दोन्ही फाइली ताडून बघतो.

मी दवाखान्यात एक्स-रे काढते. तिथे एक्स-रे साठवायला हे टार्गेट त्यानेच बसवून दिलंय. एका मंगळवारी दुपारी वीज गेली, पाच मिनिटांनी आली, आणि शेवटचे सहा एक्स-रे गायब. स्क्रीनवर प्रत्येकाखाली ‘लिहिलं’, म्हणजे सेव्ह झालं, असं आलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं होतं. मोठे डॉक्टर म्हणाले, “बाई, काढलेच नसतील तर सरळ सांगा.” शुक्रवारपर्यंत लेखी खुलासा द्या, नाहीतर घरी बसा, असंही ऐकवलं.

नवऱ्याला सांगितलं, तर त्याने आधी वायरवर शंका घेतली, मग स्विचवर, मग दवाखान्याच्या वायरमनवर. आणि शेवटी मान वर करून मलाच विचारलं, “तू नक्की सेव्ह केलं होतंस ना?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “आता माझंही दोनदा बिल्ड करून बघ,” मी म्हटलं आणि आत निघून गेले.

दोन दिवस तो कोड वाचत होता. गुरुवारी संध्याकाळी त्याने मला हाक मारली. चेहरा पार उतरलेला. टार्गेट खोटं बोलत होतं. डेटा नुसता मेमरीत आला की ते ‘लिहिलं’ म्हणून मोकळं व्हायचं, डिस्कवर उतरायची वाटच बघायचं नाही. वीज गेली की मेमरीतलं गेलंच. ही घाई दूर करणाऱ्या तीन ओळी कुणा अनोळखी माणसाने आठ महिन्यांपूर्वीच पाठवल्या होत्या. पोटापाण्यासाठी सुतारकाम करतो, फावल्या वेळात कोड लिहितो, एवढंच त्याने स्वतःबद्दल कळवलं होतं. नवऱ्याने त्या अडवून ठेवल्या होत्या.

“का रे?”

“मनात पाल चुकचुकली. ओळख ना पाळख, हा फुकट एवढी मेहनत का घेतोय?”

“आणि तू का घेतोस?”

त्याने त्या तीन ओळी परत उघडल्या.

शुक्रवारी तो माझ्याबरोबर आला. “एक्स-रे काढले होते, सर,” तो डॉक्टरांना म्हणाला, “चूक माझ्या सॉफ्टवेअरची आहे.” डॉक्टरांनी त्याला अर्धा तास धारेवर धरलं. माझी नोकरी वाचली. सहाही पेशंटना मी फोन करून परत बोलावलं आणि त्यांची बोलणी खाल्ली.

त्याच दिवशी त्याने त्या तीन ओळी घेतल्या. बदलाचं कारण लिहायच्या जागी, जगाला दिसेल असं, लिहिलं: ‘ही दुरुस्ती आठ महिने मी संशयापोटी अडवली. पाठवणाऱ्याचं बरोबर होतं.’ सुताराला वेगळं पत्रही पाठवलं. महिना झाला, उत्तर नाही. हा दिवसातून दहादा बघतो.

काल भाजी चिरताना त्याने हळूच विचारलं, “राग गेला नसेल का गं त्याचा?”

“त्याचं मला माहीत नाही,” मी म्हटलं. “माझा नाही गेला.”