नगाऱ्यामागची यमू

माझी यमू चार वर्षांची झाली तरी तिच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. तिचे वडील लढाईवर होते. त्यांच्या प्रत्येक पत्रात तिच्या बोलण्याची चौकशी असे आणि उत्तरात मी तेवढं सोडून बाकी सगळं लिहीत असे. म्हसवडात राहून मी सिद्धनाथाला रोज हात जोडत होते, पण खरं सांगते, त्यात भक्ती थोडी आणि भीतीच जास्त होती. पोर मुकी की खुळी, हे देवाला विचारायचं धाडसही मला होत नव्हतं.

शेवटी सासूबाईंनी डाग द्यायचं ठरवलं. तेव्हा आमच्याकडे लहान मुलाचं काही अडलं की पोटावर तापल्या विळ्याचा डाग देत. चुलीपुढं त्या म्हणाल्या, “उद्या सकाळी वडूजचा म्हातारा येतोय. बेंबीच्या वर दोन डाग. तू पाय धर, मी हात धरते.” यमू शेजारीच शेंगा फोडत होती. तिच्यापुढं आम्ही काहीही बोलत असू. जिला बोलता येत नाही तिला कळणार काय, असा सगळ्यांचाच समज, आणि माझाही.

सकाळी म्हाताऱ्यानं विळा चुलीत घातला आणि पाहतो तर यमू घरात नाही. गोठा पाहिला, माळा पाहिला. शेजाऱ्यांनी आडात गळ सोडला तेव्हा मला तिथं उभं राहवेना. मी नदीकाठानं हाका मारत धावले. घसा बसला, तशी हाका मारतच देवळात शिरले.

ओवरीत घोंगडं पांघरून एक अनोळखी म्हातारी बसली होती, तिची मेंढरं बाहेर चरत होती. मी रडत तिला सगळं सांगितलं. तिनं विचारलं, “डागाचं पोरीम्होरं बोललासा व्हय?”

“व्हय. पर तिला कळत न्हाई.”

“मग पळाली कशापायी?”

मी पुन्हा यमूला हाक मारायला उठले.

“नुसत्या हाका नगं मारूस बाई. काय करनार न्हाईस त्ये देवाला सांग.”

मी गाभाऱ्यापुढं मोठ्यानं म्हणाले, “देवा, माझं लेकरू दे. तिला डाग देऊ देनार न्हाई. जलमभर न्हाई बोलली तरी चालंल.” शेवटचं वाक्य फार जड गेलं. तेवढ्यात मंडपातल्या मोठ्या नगाऱ्यामागं काही हाललं आणि यमू बाहेर आली. दोन्ही हात तिनं बेंबीच्या वर घट्ट दाबून धरले होते. माझ्या सगळ्या हाका तिनं तिथं बसून ऐकल्या होत्या.

तिला उराशी धरून मी ढसाढसा रडले. म्हातारीच्या पाया पडायला वळले तर ती मेंढरांमागं निघूनही गेली होती. तिला कुणी धाडलं, ते मी कुणाला पटवायला जात नाही. घरी सासूबाईंचा आरडाओरडा ऐकून घेतला आणि म्हाताऱ्याला परत पाठवलं.

यमू पुढं दीड वर्षानं बोलली, तेही हळूहळू. तोवरची काळजी मी सिद्धनाथाच्या पायांवर ठेवली. माझ्याकडे एकच काम उरलं, तिच्याशी बोलायचं. न्हाऊ घालताना म्हणायची, “आता डोक्यावर पाणी घालते हं.” पाणी पडायच्या आधीच ती डोळे गच्च मिटून घ्यायची, आणि तांब्या हातात तसाच धरून मी देवाचं नाव घ्यायची.