बँकरचा वेग

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी ओझरच्या विमान कारखान्यात मीटर तपासायचो आणि नाशिकरोडच्या घरी, गच्चीवरच्या खोलीत, रेल्वे चालवायचो. कुणी तिला खेळणं म्हटलं की मला राग यायचा. प्लायवूडवर मी अख्खा कसारा घाट उभा केला होता आणि मेहुण्याने दुबईहून आणलेला, टीव्हीला जोडायचा छोटा कॉम्प्युटर ती गाडी हाकत असे. वडील इगतपुरीहून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले होते. मी रेल्वेची नोकरी नाकारल्यापासून ते माझ्याशी कामापुरतंच बोलत. त्यांनी एकदा जिना चढून यावं आणि बरं जमलंय म्हणावं, यासाठीच हा सगळा खटाटोप होता.

घाटात गाडीला मागून ढकलायला दुसरं इंजिन लागतं, तो बँकर. माझं पुढचं इंजिन रुळांतून वीज घेई, बँकर वरच्या तारेतून, म्हणून दोघांचा वेग वेगवेगळा ठरवता येई. आणि तो ठरवावाच लागे, कारण सारख्या विजेवर दोघं सारखी धावत नसत. मी रुळाखाली एक मीटर अंतरावर दोन स्विच बसवले. इंजिनाला एका स्विचपासून दुसऱ्यापर्यंत किती वेळ लागला, ते कॉम्प्युटर मोजी. किती विजेला किती वेग, याचा तक्ता प्रोग्रॅममध्ये भरण्यात चार रविवार गेले. मग मात्र दोन्ही इंजिनं अगदी बरोबरीने धावू लागली आणि मी वडिलांना वर बोलावलं.

सहा डबे लावून गाडी सोडली. पहिल्याच वळणावर मधले दोन डबे उचलले गेले आणि आडवे पडले. मी वळणाला दोष दिला. वडिलांनी विचारलं, वेग कसा मोजलास? एकेक इंजिन सुटं चालवून, मी म्हणालो. कारखान्यात आम्ही मीटरही असेच सुटे काढून तपासायचो.

"रिकाम्या इंजिनाला काय कळतोय घाट? डबे लावून मोज," ते म्हणाले. "आणि बँकर जरा कमीच ठेव. ढकलायचं, पण पुढच्याला धक्का द्यायचा नाही."

त्यांचं बरोबर होतं, म्हणून मला जास्तच राग आला. तुम्हाला बँकरचं काय माहीत, मी विचारलं.

"शेवटची अठरा वर्षं त्याच्यावरच होतो."

वडील मेल चालवतात, असं आम्ही सगळ्यांना सांगत आलो होतो. त्यांनी ते कधी खोडून काढलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

डबे लावून पुन्हा मोजलं, बँकरचा वेग किंचित उतरवला. तिसऱ्या खेपेला गाडी सबंध वर चढली. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते म्हणाले, "आता बँकर थांबव. गाडी जाऊ दे."

गाडी बोगद्यात शिरून दिसेनाशी झाली. बँकर घाटमाथ्यावर एकटा उभा राहिला. वडील बराच वेळ त्याच्याकडे बघत होते.

"बरं जमलंय," ते म्हणाले. "आता हा रिकामाच खाली जातो. त्याला तुझा पहिला तक्ता चालेल."

मी बँकर सोडला. तो हळूहळू घाट उतरला आणि वडील टेबलाच्या कडेने त्याच्याबरोबर चालत खालपर्यंत आले.