वर्नाची सबब

लॉरेल फोर्क या डोंगरातल्या गावात वर्ना कटलिपचा हात सगळ्यांना माहीत होता, पण तो पेपरोनी रोलसाठी, म्हणजे आत तिखट सॉसेज भरलेल्या पावांसाठी. शाळेच्या स्वयंपाकघरात दोन पिढ्यांची पोरं तिच्या पळीखालून गेली होती. शिकारी मंडळाच्या तळघरात हिवाळ्यातल्या दर सोमवारी पिस्तुलांची नेमबाजी चाले, तेव्हा वरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोल, बीन्स आणि कॉफी देणारा हातही तिचाच. खालून बारांचे आवाज येत आणि वर्ना कॉफी ओतत राही. नवरा डॅरेल नेमबाजीच्या संघात, दीर व्हर्जिल संघात, दोन्ही मुलं लहानपणापासून हरणाच्या शिकारीला. घरात बंदुका इतक्या, की झाडू काढायचा तर आधी दोन रायफली बाजूला कराव्या लागत. पण तिच्या स्वतःच्या हातात पिस्तूल कधी आलं नव्हतं. आजवर कोणी विचारलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिनेही काही ना काही कारण सांगून स्वतःला खिडकीतच ठेवलं होतं. पोरं लहान आहेत, बीन्स करपतील, आवाज फार होतो, असली कारणं.

त्या ऑक्टोबरात संघातला म्हातारा क्लेम गुडघ्यांना कंटाळून कायमचा फ्लोरिडाला गेला आणि एक जागा मोकळी झाली. मंडळाच्या संघातली जागा रिकामी होणं ही साधी गोष्ट नाही. ती एकतर माणूस मेला तर होते, नाहीतर फ्लोरिडाला गेला तर. व्हर्जिलने लगेच आपल्या जावयाचं नाव पुढे केलं. वर्ना तेव्हा ताटली पुसत होती.

"ती जागा मला हवी आहे," ती म्हणाली.

डॅरेलला वाटलं ती बाकावरच्या जागेबद्दल बोलतेय, म्हणून तो सरकला. तिने पुन्हा सांगितलं. मग मात्र बीन्स खाणारे चमचे थांबले.

नेमबाजीचा कॅप्टन एमेट योहो हा कमी बोलणारा माणूस. समुद्री चाच्यांच्या आरोळीसारख्या त्याच्या आडनावावर गावात चिक्कार विनोद होत, पण तो तळघरात उतरला की कोणी हसत नसे. तो एवढंच म्हणाला, "नियम सगळ्यांना एकच. पिस्तूल स्वतःचं हवं, उसनं चालणार नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी माझ्यासमोर चाचणी. नेम बसला तर जागा तुमची. नाही बसला तर व्हर्जिलचा जावई."

वर्नाचे कान गरम झाले. ताटली पुसून झाली होती तरी ती पुसतच राहिली, आणि मनातल्या मनात नाचत होती.

आता त्या गावात एखाद्या बाईला पिस्तूल घ्यायचंय म्हटल्यावर काय होतं ते सांगायला नको. सल्ल्यांचा पूर आला. शाळेचा बसवाला, चर्चमधला पेटी वाजवणारा, दात काढणारा डॉक्टर, सगळ्यांना अचानक वर्नाच्या पंजाची काळजी. एका बाबतीत मात्र सगळ्यांचं एकमत: बाईमाणसाचा हात लहान, तेव्हा पिस्तूलही लहान. या गोष्टीवर या डोंगरातल्या पुरुषांचा इतका विश्वास, की कोणी कधी ती तपासून पाहिली नव्हती.

डॅरेलने तर तपासायच्या आधीच खरेदी केली. एके दिवशी तो हसत हसत घरात शिरला आणि टेबलावर डबी ठेवली. आत चिमुकलं, चकचकीत रिव्हॉल्व्हर. इतकं हलकं, की वर्नाला क्षणभर ते खोटं वाटलं. मूठ मोत्यासारखी पांढरी.

"पर्समध्ये मावेल," डॅरेल म्हणाला.

"मला पर्समध्ये नाही ठेवायचंय, डॅरेल. मला कागदावर मारायचंय."

"मग पर्समधून काढून मार."

पण वर्नाला ते आवडलं हे कबूल केलं पाहिजे. नवऱ्याने न मागता काही आणावं असे प्रसंग त्या घरात मोजकेच. तिने डॅरेलच्या टकलावर एक पापा दिला आणि पुढच्याच संध्याकाळी ती तळघरात हजर झाली. कानांत बोळे, डोळ्यांवर चष्मा. ही नेमबाजी एका हाताने करायची असते. तिने हात लांब केला, श्वास रोखला आणि चाप ओढला.

ते चिमुकलं यंत्र असं उसळलं, की अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी सोलून निघाली. गोळी कुठे गेली ते कोणालाच कळलं नाही. दुसरी कागदाच्या खाली मातीत घुसली. तिसरीही. चौथ्या वेळी वर्नाने डोळे मिटले होते हे मागच्या बाकावरूनही दिसत होतं.

"नवशिकी आहे, होतं असं," व्हर्जिल उदारपणे म्हणाला. त्याला जावयाची जागा दिसू लागली होती.

योहो पुढे आला. त्याने वर्नाकडून रिव्हॉल्व्हर घेतलं, तिच्याकडे पाठ करून भरलं आणि परत दिलं. वर्नाने नेम धरला, चाप ओढला. नुसतं टिक झालं. योहोने आत एक नकली काडतूस घातलं होतं. पण टिक होण्याच्या क्षणी नळी अशी खाली गेली, जणू कोणी वरून हात मारला.

"बघितलंत?" योहो म्हणाला. "बार उडालाच नाही, तरी हात दचकला. मार बसणार हे त्याला ठाऊक झालंय, म्हणून तो आधीच वाकतो."

वर्नाने ओळखलं: दचकणारा हात म्हणजे खिडकीतच परत जायचं. मागून डॅरेल म्हणाला, "जाऊ दे वर्ना. बायकांचं होतं असं."

योहोने तेच रिव्हॉल्व्हर पुन्हा भरलं आणि डॅरेलच्या हातात दिलं. डॅरेलने ऐटीत हात लांब केला. एक बार बरा गेला. दुसऱ्या वेळी टिक झालं आणि डॅरेलची नळी इतकी खाली झुकली, की व्हर्जिल म्हणाला, "दादा, घूस दिसली का रे?"

सगळं तळघर हसलं. डॅरेल म्हणाला दिवा नीट नव्हता.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. प्रत्येक फेरीनंतर कॅप्टन एकच प्रश्न विचारतो: "कोणाची काही सबब?" पिस्तूल अडकलं, काडतूस फुसकं निघालं, तर नेमबाजाने रिकामा हात वर करायचा. सबब खरी असली तर त्या फेरीतल्या पाची गोळ्या पुन्हा मारायला मिळतात. नियम यंत्राच्या सबबीचा होता, पण डॅरेलच्या प्रत्येक खिशात सबबी भरलेल्या असत. दिवा, चष्मा, बीन्स, खांदा, व्हर्जिलचं खोकणं. वर्ना वर्षानुवर्षं खिडकीतून तो प्रश्न ऐकत आली होती आणि त्यावर नवऱ्याचा आवाजही.

निघताना योहो तिला म्हणाला, "दोष हाताचा नाही, पिस्तुलाचा. हलकं असलं की सगळा झटका मनगट खातं. तुमचं तुम्ही जाऊन निवडा. आणि निवडताना डोळे मिटून हात वर करा. मग उघडा. पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, मागच्या खाचेत आपोआप बसलेली दिसली पाहिजे. बसवावी लागली तर ते तुमचं नव्हे."

शनिवारी वर्ना दुकानात गेली. नदीकाठच्या त्या दुकानात पुढे मासेमारीची जिवंत आमिषं, मागे बंदुका. डॅरेल आणि व्हर्जिल बरोबर आलेच. दुकानदाराने विचारलं, "काय दाखवू, ताई?" आणि दोघे भाऊ एकदम बोलू लागले. एक म्हणे नऊ मिलिमीटर, दुसरा म्हणे छे, तिला वरची सरकती पट्टी मागे ओढता येणार नाही. दुकानदार एकदा याच्याकडे बघे, एकदा त्याच्याकडे, आणि घेणारी मध्ये उभी.

"तुम्ही दोघं जरा मासे बघून या," वर्ना म्हणाली.

"कसले मासे?"

"ते टाकीतले. मोजून या."

दोघे गेले, कारण शाळेत जेवणाच्या रांगेतली पोरं ज्या आवाजाने सरळ उभी राहत, तो त्यांनाही ओळखीचा होता.

मग वर्नाची खरी दिवाळी सुरू झाली. दुकानदाराने प्रत्येक पिस्तूल उघडून, रिकामं दाखवून तिच्या हातात द्यावं, तिने नळी कोपऱ्यातल्या वाळूने भरलेल्या पिंपाकडे धरावी, डोळे मिटावे, हात वर करावा, डोळे उघडावे. पहिल्याची माशी आकाशात. दुसऱ्याची डावीकडे पळालेली. तिसऱ्याची मूठ इतकी जाड की चापापर्यंत बोट पोचेना. एक फारच देखणं होतं, निळसर, त्याच्यावर जीव जडला, पण माशी काही केल्या खाचेत येईना. वर्नाने ते परत ठेवलं आणि पुन्हा एकदा उचलून पाहिलं. नाही म्हणजे नाही. तिला वाईट वाटलं, तरी मजाही वाटत होती. इतक्या वस्तू आपल्यासाठी काढल्या जातायत आणि आपण मान हलवतोय, हे सुख तिने जन्मात भोगलं नव्हतं.

शेवटी तिने काचेच्या तळच्या फळीकडे बोट दाखवलं. तिथे एक जुनं, वापरलेलं पॉइंट टू-टूचं, म्हणजे अगदी बारीक गोळीचं पिस्तूल पडलं होतं. लांब नळी, जड पोलाद, लाकडी मूठ कोणाच्या तरी घामाने काळी पडलेली.

"ते कुरूप आहे, ताई," दुकानदार प्रामाणिकपणे म्हणाला.

"माझी पळीसुद्धा कुरूप आहे."

तिने ते उचललं. वजन हातात बसलं. गरम सूपने भरलेली पळी पोरांच्या ताटांवर लांब धरून, एक थेंब न सांडता तिने किती वर्षं घालवली होती. डोळे मिटले, हात वर केला, डोळे उघडले. माशी खाचेत बसलेली, शांत, जशी काही तिथेच जन्मली. वर्नाच्या तोंडून नुसताच श्वास बाहेर पडला. तिने परत डोळे मिटून पाहिलं. पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा तिने केवळ आनंदासाठी पाहिलं.

दोघे भाऊ परत आले. "हे?" व्हर्जिल म्हणाला. "वहिनी, याने खारसुद्धा नुसती चिडेल."

"मला खारीशी काही भांडण नाही. किती मासे होते?"

"हलत होते, मोजता नाही आले," डॅरेल म्हणाला.

चिमुकलं रिव्हॉल्व्हर दुकानदाराने परत घेतलं. डॅरेलला जरा लागलं, पण ती पांढरी मूठ आपल्याही अंगठ्याला चावली होती हे त्याला आठवत होतं.

त्यानंतर वर्ना घरात सरळ चालेना, तरंगू लागली. बीन्स शिजत असताना ती घराच्या तळघरात जाई, पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा तपासे, दगडी भिंतीवर काळा ठिपका चिकटवी आणि नळीच्या टोकावर पेनीचं एक नाणं ठेवी. चाप ओढायचा आणि पेनी पडू द्यायची नाही. सुरुवातीला पेनी जमिनीवर टणटणत राही आणि वरून डॅरेल ओरडे, "श्रीमंत झालीस का?" हळूहळू टणटण थांबली. एक दिवस ती थांबल्याचं आधी डॅरेलच्याच लक्षात आलं, आणि तो जिन्यात येऊन उभा राहिला. नुसतं टिक ऐकू येई. पेनी जागच्या जागी. मग वर जाऊन त्याने बीन्स ढवळले.

पहिला सोमवार उजाडला. तळघर भरलं होतं. वर्नाचा पहिला कागद सावकाश नेमाचा, तो चांगला गेला. दुसराही. शेवटची फेरी वेळेची: थोड्या सेकंदांत पाच गोळ्या, आणि जागा मिळवायला त्या पाचांतली एकही कागदाबाहेर जाऊन चालणार नव्हती. योहोने हुकूम दिला. एक, दोन, तीन, चार, सगळ्या कागदाच्या मधल्या काळ्यात. पाचव्यांदा चाप ओढला आणि टिक झालं.

काडतूस फुसकं होतं. वेळ संपली.

"कोणाची काही सबब?" योहोने नेहमीसारखं विचारलं.

वर्नाला क्षणभर कळेना. इतकी वर्षं त्या प्रश्नाला उत्तर दुसरेच देत आले होते. मग तिने डावा हात वर केला. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या, कारण त्या हाताला कॉफीच्या किटलीशिवाय कोणी वर गेलेलं पाहिलं नव्हतं.

योहोने काडतूस काढून दिव्यापुढे धरलं. कडेला ठोका पडलेला, दारू पेटलेली नाही. "सबब खरी. पाची पुन्हा."

"पण कॅप्टन, चार तर बसल्यात," डॅरेल मागून म्हणाला. तो उठून उभा राहिला होता. "तेवढी एकच मारू दे तिला."

"पाची पुन्हा. नियम आहे." योहो वळला. "आणि व्हर्जिल, तू कडेला बसला होतास. टिक झालं तेव्हा नळी कुठे गेली?"

व्हर्जिलने एकदा बाजूला पाहिलं. जावई शेजारीच बसला होता. "कुठेच गेली नाही," तो म्हणाला.

नवा कागद लागला. वर्नाने हात लांब केला आणि तिला भीती वाटली नाही, हेच तिला सगळ्यात मोठं नवल वाटलं. पाच बार झाले. कागद दोरीवरून डुलत परत आला. चार भोकं काळ्यात, पाचवं काठावरच्या पांढऱ्यात, पण कागदावर. योहोने खिशातून पेन काढलं, भिंतीवरच्या संघाच्या यादीतलं क्लेमचं नाव खोडलं आणि तिथे लिहिलं: वर्ना.

टाळ्या वाजल्या. व्हर्जिल म्हणाला, "वहिनी, आता रोल कोण देणार?" आणि तो खरोखरच काळजीत दिसला.

वर्नाने ॲप्रन सोडला. घाईत तो अंगावरच राहिला होता. तिने तो डॅरेलपुढे धरला. पुढच्या सोमवारपासून त्याची फेरी पहिली होती, तिची दुसरी; ती खाली असेल तेव्हा खिडकी त्याची.

डॅरेलने तोंड उघडलं.

"काही सबब?" वर्नाने विचारलं.

त्याने तोंड मिटलं, ॲप्रन गळ्यात घातला आणि गाठ मारायला तिच्याकडे पाठ केली.